टोपीपासून देठापर्यंत

निजामपुरा, भिवंडी
७ ऑगस्ट १९७३

कमळ,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायला हात गेला होता, तो मागे घेतला. डॉक्टरेट झालेल्या बाईला आशीर्वाद देणारा मी कोण? 'सप्रेम नमस्कार' लिहावं तर सोसायटीच्या चेअरमनला लिहिल्यासारखं वाटतं. म्हणून नुसतं कमळ.

पुण्याची नोकरी सोडून ये, असं सांगायला बसलेलो नाही. तू ते वाचून दमलीस, मी लिहून दमलो. हे पत्र फौजदाराच्या सांगण्यावरून लिहितोय. नवऱ्याने बायकोला चार ओळी लिहाव्यात म्हणून पोलीस लागावेत, यावर तुझ्या कॉलेजातल्या मंडळींना हसू येईल. येऊ दे.

झालं असं. कामतघरच्या चाळीत दामू नावाचा यंत्रमागावरचा कामगार राहतो. श्रावण लागल्यामुळे घरात मटण बंद, म्हणून रविवारी त्याने बाजारातून अळंबीचा एक वाटा नेला. अळंबी श्रावणात चालते की नाही यावर त्या चाळीत दोन पक्ष आहेत. ताटात पडली की ते एक होतात. जेवण झालं आणि थोड्या वेळाने सगळं घर मोरीपाशी ओकत बसलं. दामू, त्याची बायको बायजाबाई आणि पोरं सावरली. म्हातारी आई, ठमाबाई, अजून दवाखान्यात सलाइनवर आहे. वाचेल म्हणतात.

वाटा विकला होता मंगळीने. ही वाडा रस्त्याला आतल्या पाड्यावरची बाई. पावसाळ्यात रानभाजी आणि अळंबी घेऊन येते, आपल्या फोटो-स्टुडिओसमोर गल्लीच्या तोंडाशी बसते. सोमवारी ती रोजच्यासारखी येऊन बसली, तोच दामू चार माणसं घेऊन आला. त्यांनी टोपली लाथाडली आणि तिला चौकीवर नेलं. फौजदाराने तिला आत टाकलं नाही, पण रोज येऊन दिवसभर चौकीच्या बाकावर बसायचं, असा हुकूम केलाय. विषारी कुत्र्याच्या छत्र्या जाणूनबुजून विकल्याची केस तिच्यावर करायची की नाही, हे त्याचं ठरायचंय. केस झाली तर मंगळी आत जाईल, आणि तिच्या पाड्यावरच्या कुणालाही या बाजारात पुन्हा टोपली टेकू देणार नाहीत.

फौजदार कागदाच्या दोन पुड्या घेऊन स्टुडिओत आला. एकीत दामूच्या घरी न शिजवता उरलेलं एक अळंबं, दुसरीत मंगळीच्या फुटक्या टोपलीतलं.

"सरकारी तपासणीला पाठवायचं तर पोचेपर्यंत याचा काळा चिखल होणार," तो म्हणाला. "तुमच्या मिसेस याच लाइनीत आहेत ना? फोटो काढून पाठवा. त्यांनी लिहून दिलं की मी मोकळा."

तू पुण्याला असतेस एवढंच त्याला माहीत आहे. आपलं बोलणं बंद आहे, हे माहीत नाही.

तेव्हा आता फोटोंविषयी, आणि कृपा करून वाचायच्या आधी नाक मुरडू नकोस. तुझ्या अळंब्यांवरच्या प्रबंधाच्या वेळी जे जे टोमणे मारले होतेस ते सगळे पाठ आहेत. टोपी छान आली, देठ कुठे गेला? टोपीखालचे पडदे छान आले, टोपी कुठे गेली? यावेळी मोठा लाकडी कॅमेरा काढला. कॅमेऱ्याचा भाता पूर्ण ओढून अळंबं निगेटिव्हच्या काचभर मोठं करायचा मोह टाळला, कारण जितकं जवळ जावं तितकी फोकसची खोली केसाएवढी उरते. मागे सरलो, निम्म्या आकारात घेतलं, प्रिंट मोठा केला. (यातून तू काही अर्थ काढशील. काढू नकोस. मी लेन्सबद्दल बोलतोय.) फोकस टोपीच्या पुढच्या कडेवर न ठेवता कडा आणि देठ यांच्या मधे धरला. भिंगाचं छिद्र बारीकात बारीक केलं. मग एवढा कमी उजेड की शटर उघडून ठेवून देवाचं नाव घेत बसायचं. आणि तेवढ्या वेळात शेजारच्या अन्सारीचे माग भिंत हलवणार, भिंत टेबल हलवणार, टेबल अळंबं हलवणार.

म्हणून वीज जायची वाट पाहिली. वीज गेली, माग थांबले, खिडकीच्या उजेडात काम केलं. अन्सारी दारात येऊन म्हणतो, "भाईजान, बत्ती गयी तो हमारा नुकसान और आपका सीझन!"

दोन्ही अळंब्यांचे बाजूने आणि खालून घेतलेले प्रिंट सोबत आहेत. टोपीच्या टोकापासून देठाच्या मातीपर्यंत सगळं तीक्ष्ण आहे. यात तरी खोट काढू नकोस. काढलीस तर लवकर काढ, मंगळी बाकावर बसून आहे.

राघो


१५ ऑगस्ट १९७३

कमळ,

तुझं उत्तर मिळालं. माझ्या तब्येतीविषयी एक ओळ आणि टोपीविषयी दीड पान. प्रमाण बरोबरच आहे. टोपीला निदान भवितव्य होतं.

तू लिहितेस, "दोन्ही सारखीच दिसतात, पण यावरून काही सांगता येत नाही. दामूकडच्या अळंब्याची टोपी चिनी मातीच्या बशीसारखी कोरी आली आहे. साल दिसत नाही. तुमची फोकसची डेप्थ पुरलेली नाही. नेहमीप्रमाणे."

ते 'नेहमीप्रमाणे' तू मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिलंस. शाई वाया घालवू नये.

आधी बाकीचं ऐक. फौजदार तुझं पत्र आलं का विचारायला आला होता. मी वाचून दाखवलं. तो 'दोन्ही सारखीच दिसतात' इथे थांबला आणि पुढचं ऐकायच्या मनःस्थितीतच राहिला नाही. म्हणाला, "मग संपलं की! जे खाल्लं ते हिचंच. पंधरा ऑगस्टची परेड उरकली की कागद पुढे पाठवतो." मी म्हटलं, साहेब, पुढे लिहिलंय की काही सांगता येत नाही. तो म्हणाला, "ते शिकलेल्या माणसांना लिहावंच लागतं."

म्हणजे तुझ्या अर्ध्या वाक्यावर मंगळी आत जायची वेळ आली आहे. तुझी वाक्यं अर्धी ऐकणाऱ्या पुरुषांचा तुला अनुभव आहे, तरी सांभाळून लिहायचं होतंस.

आता माझ्या डेप्थविषयी. मी चिडलो होतो, हे लपवत नाही. अन्सारीकडून मागाची एक जुनी फणी मागून आणली. तिच्या बारीक तारा एकसारख्या अंतरावर उभ्या असतात, सूत त्यांच्यातून ओवतात. ती फणी अळंब्याशेजारी तिरकी ठेवायची, एक टोक कॅमेऱ्याकडे, दुसरं लांब. फोटोत जिथून जिथवर तारा सुट्या दिसतील तिथून तिथवर डेप्थ. जिथे त्यांचा लगदा होईल तिथे संपली. यात माझं मत नाही, तुझं मत नाही.

पण अळंबं कुठून आणायचं? आधीची दोन्ही कधीच काळी पडून वाहून गेली. काल नारळी पौर्णिमा होती. दुपारी मंगळी बाकावरून उठून आली आणि स्टुडिओच्या पायरीवर बसली. फौजदार जेवायला गेला होता. तिचा नवरा चिंतू तिच्यासाठी भाकरी घेऊन आला होता, आणि पानात गुंडाळून एक अळंबं.

"हे घे," ती म्हणाली. "तुझे फोटूला पायजे होता ना? वारुळावरचा हाय. काल फुटला."

"तुला कोणी सांगितलं मला पाहिजे म्हणून?"

"सगला बाजार सांगतो. फोटोवाल्याची बायको पुण्यातून सांगंल तवा मंगली सुटंल. ती सांगंल का पन? तुज्याशी तर बोलत न्हाय म्हनतात."

"अळंब्यांशी बोलते."

"मंग बरा हाय," मंगळी म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली. चिंतू मात्र हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, आत टाकलं तर किती दिवस टाकतात.  मी कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं. वयाच्या या टप्प्यावर त्या फडक्याखाली वाकलं की गुडघे बोलतात, पण निदान बाहेरचं कुणी दिसत नाही.

स्टुडिओतला आपला केसरीनाथ सणाला बहिणीकडे वसईला गेलाय, त्यामुळे डेव्हलपिंगपासून प्रिंटपर्यंत सगळं मीच केलं. फणीचा फोटो सोबत आहे. भिंगाने बघ. टोपीच्या पुढच्या कडेच्या अलीकडून सुरू होऊन देठाच्या पार मागेपर्यंत एकूण एक तार सुटी आहे. पहिल्या वेळी तेच भिंग, तेच अंतर, तेच छिद्र होतं. माझी डेप्थ पुरली होती. नेहमीप्रमाणे.

तेव्हा दामूच्या अळंब्याची टोपी कोरी होती म्हणूनच कोरी आली. आता काय ते स्पष्ट लिही. मंगळीच्या बाजूने लिहिता येत नसेल तर निदान विरुद्ध बाजूचं वाक्य अर्धं तोडता येणार नाही असं लिही.

राघो


२० ऑगस्ट १९७३

कमळ,

हे एक्सप्रेसने पाठवतोय. आधी सोबतचा प्रिंट बघ, मग वाच. तुला अळंबी आधी आणि माणसं नंतर बघायची सवय आहेच.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. "फणी पाहिली. डेप्थ पुरली होती हे मान्य." हे वाक्य कापून ठेवावं असं आहे. पण पुढे लिहिलंस: "मंगळीच्या या नव्या अळंब्यावर सालीचे तंतू दिसतात. दामूकडच्याच्या पायाशी मातीचा कण न् कण दिसतो, पडदे दिसतात. वर टोपी आणि खाली माती, दोन्ही फोकसच्या एकाच खोलीत. लेन्स खालचं दाखवील आणि त्याच अंतरावरचं वरचं गाळील, असं होत नाही. निगेटिव्ह उजेडाकडे तिरकी धरा."

धरली.

टोपीभर पेन्सिल होती, कमळ. बारीक, सुबक, स्वल्पविराम काढावेत तशी. देठाच्या वरच्या बाजूलाही एक पट्टा.

केसरीनाथ कालच परत आला होता, खिडकीपाशी बसून एका नवरीच्या निगेटिव्हवर पेन्सिलने हनुवटीचे डाग भरत होता. मी निगेटिव्ह त्याच्यापुढे धरली.

"हे तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार?" चष्मा कपाळावर. "टोपी पाहिलीत का तिची? देवी आलेल्या पोरीचं तोंड बरं. सगळे ठिपके भरून काढले. गळ्याशी काय ते लोंबत होतं, तेही घालवलं. दुसरीला फार काम नव्हतं, थोडा हात फिरवला. बघा आता, दोघी सख्ख्या बहिणी वाटतात."

"केसरीनाथ, मी सांगितलं होतं का?"

"तुम्ही कधी सांगता? निगेटिव्ह टेबलावर आली की साफ करायची. लग्नाच्या पोरीचं सांगता? फौजदारसाहेबांचा फोटो दिला तेव्हा सांगितलं होतंत? त्यांच्या नाकावरचा मस काढला तर त्यांनी फ्रेम करून घेतली."

"अहो, त्या ठिपक्यांवर एका बाईची केस उभी आहे."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "राघोबा, डाग राहू द्या म्हणणारं गिऱ्हाईक या दुकानात आजवर आलं नाही. मला कसं कळावं?"

 ते गिऱ्हाईक येऊ नये अशीच दुकानाची पाटी आहे.

टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवून पेन्सिल त्यानेच पुसली.  वीज होती म्हणून लगेच प्रिंट काढला. तो हा. टोपीवर मधे मोठा आणि कडेकडे लहान होत गेलेले खवले, आणि देठाला दंडातल्या वाकीसारखं कडं. मंगळीच्या अळंब्याला यातलं काही नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही, पण या दोघी बहिणी नाहीत, हे मलाही दिसतं.

पण एवढ्याने फौजदार ऐकेल असं वाटत नाही. तो म्हणेल, तिच्या टोपलीत दोन्ही प्रकार असतील. कागद अजून त्याच्याच टेबलावर आहेत, परेडचा शीण उतरायचाय. तुला अजून काही दिसत असेल तर सांग. तुझ्या लिहिण्यावर मंगळीचं सुटणं आहे. चिंतू आता भाकरी पायरीवर ठेवतो आणि आत न येता परत जातो.

राघो


२७ ऑगस्ट १९७३

कमळ,

तू मला न लिहिता थेट फौजदाराला लिहिलंस, त्यामुळे तुझं पत्र मला चौकीवर उभं राहून ऐकावं लागलं. चांगलं केलंस. माझ्यामार्फत आलं असतं तर अर्धंच पोचलं असतं.

त्याने मोठ्याने वाचलं. खवले आणि कडं असलेलं हे अळंबं वारुळावर येत नाही, उकिरड्यावर, कुजलेल्या कचऱ्यावर येतं, इथवर तो "हां, हां" करत होता. मग आलं ते वाक्य: "देठाच्या बुडाला मातीत गुंतलेले धागे दिसतात. बुरशीच्या धाग्यांना पीळ नसतो. यांना आहे. हे सूत असावं."

फौजदाराने माझ्याकडे बघितलं, मी फोटोकडे. तो फोटो मी काढला, धुतला, दोनदा छापला, बुडापर्यंत डेप्थ आणली म्हणून तुझ्यापुढे मिरवला; आणि त्या बुडाशी सूत होतं ते मला दिसलं नाही. दिसलं नाही असंही नाही. भिवंडीत सूत कोण बघतो? ते भातात सापडतं, केसात सापडतं, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये तरंगतं. पुण्यातल्या बाईलाच ते दिसायचं.

पाड्यावरच्या वारुळात सूत कुठून येणार? आम्ही कामतघरला गेलो. दामूच्या चाळीमागे यंत्रमागाच्या कारखान्याचा कचरा टाकतात: तुटकं सूत, सांडलेली खळ, झाडलोट. पावसाने तो ढीग कुजून खाली बसलाय, आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र छत्र्या उभ्या होत्या, नवरीच्या मंडपासारख्या. खवल्यांसकट. केसरीनाथला दाखवायला हव्या होत्या.

फौजदाराने दामूला हाक मारली. दामू आला, मागून बायजाबाई. तिने ढिगाकडे बघितलं नाही, तेवढ्यावरूनच मला कळलं.

"वहिनी, वाट्यात यातली टाकली होतीत का?" फौजदाराने विचारलं. आवाज त्याने खाली ठेवला, त्याबद्दल त्याला दहा गुन्हे माफ.

"टाकली दोन-चार," ती म्हणाली. "वाटा ह्येवढासा. खानारी सात. पांढरी ती पांढरी, मला काय म्हायती?"

"आणि मग इतके दिवस बोलली का न्हायस?" दामू म्हणाला.

"तू टोपली लाथाडून आलास. मंग काय बोलू?"

 ठमाबाई परवाच दवाखान्यातून घरी आली आहे; ती आतून ओरडली, "कोन आलाय रं?" बायजाबाई आत गेली. फौजदाराने कागद चौकीत परत गेल्यावर फाडले, माझ्यासमोर. मंगळीला म्हणाला, "जा तू." ती म्हणाली, "उद्या येऊ नको?" त्याने नको म्हटल्यावर तिने पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

एवढ्यावर पत्र संपवलं असतं तर तुला समाधान वाटलं असतं. पण काल रविवार होता.

मंगळी टोपली घेऊन आपल्या जागेवर बसली. सागाच्या पानांवर वाटे मांडले. खवल्यांचा आणि बिनखवल्यांचा, दोन्ही फोटो मी मोठे करून स्टुडिओच्या काचेत लावले होते, खाली ठळक अक्षरांत कोणतं खायचं आणि कोणतं नाही. गर्दी झाली. लोकांनी फोटो पाहिले, माझ्या कामाची तारीफ केली, एकाने मुलीच्या लग्नाचं विचारलं. आणि मंगळीच्या टोपलीला वळसा घालून सगळे मेथी घ्यायला गेले. फोटोवर विश्वास बसला होता. टोपलीवरचा बसायचा होता. अन्सारीने लांबूनच विचारलं, "भाईजान, आपने खाया?" मी म्हटलं, संध्याकाळी खाणार. "तो कल बात करते हैं," म्हणाला.

ऊन चढलं तशी अळंबी कडेने मऊ पडायला लागली. मी उठून एक वाटा घ्यावा म्हणून पायरी उतरलो, तेवढ्यात समोरून बायजाबाई आली. हातात पितळी डबा. बाजारात जी बडबड असते ती त्या कोपऱ्यापुरती बंद झाली. कुणाला काही सांगितलं नव्हतं फौजदाराने, पण कामतघर ते निजामपुरा अंतर किती?

ती मंगळीसमोर उकिडवी बसली. मला वाटलं आता रडेल, पाया पडेल, निदान मान खाली घालेल. तिने एक अळंबं उचललं, उलटं केलं, पडदे बघितले, देठाभोवती बोट फिरवलं. सगळ्यांदेखत. मग दुसरं.

"वाटा ल्हान केलास गं."

"गुदस्ता हेवढाच व्हता."

"गुदस्ता मोठा व्हता. आनि भाव काय सांगतेस, सोन्याचा? मऊ पडली ही."

"सकालपासून बसली हाय, कुनी घेतला न्हाय. मऊ पडनारच. तुला कुनी बोलावला काय?"

"दोन वाटे घेते. भाव नीट कर."

"न्हाय करत."

कमळ, ती भांडली. मन लावून, पै-पैशासाठी भांडली. आधी मला तिचा संताप आला. एवढं झाल्यावर या बाईला घासाघीस सुचते? मग लक्षात आलं, मंगळीने मागितला तो भाव तिने मुकाट दिला असता तर सगळ्या बाजाराला कळलं असतं की ती भरपाई करतेय, आणि भरपाईची अळंबी दुसरं कोण घेणार? ती गिऱ्हाईक म्हणून आली होती. तशीच वागत होती.

मंगळीला ते माझ्या आधी कळलं असावं, कारण तिनेही एक पैसा सोडला नाही.

शेवटी बायजाबाई म्हणाली, "वर एक घाल तरी."

मंगळीने टोपलीत हात घातला, हाताला आलेलं पहिलं तसंच ठेवलं, मग पुन्हा चाचपून सगळ्यात मोठं काढलं आणि तिच्या डब्यात वरून ठेवलं. बायजाबाईने पैसे तिच्या हातात दिले नाहीत, पानावर ठेवले. मंगळीनेही ते लगेच उचलले नाहीत.

बायजाबाई डबा उघडाच धरून भर बाजारातून चालत गेली. ती वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत मेथीवाल्याकडची एक बाई मंगळीपुढे वाकली आणि तिने पहिलं अळंबं उचलून उलटं केलं.

राघो